रिकी जॉन्सनची गोष्ट 1989ला संपत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मोटरस्पोर्ट म्हटलं की आपल्या क्रीडा पानावर फॉर्म्युला वन आणि मोटोजीपी, बास. शॉर्ट कोर्स ऑफ-रोड ट्रक रेसिंगलाही (मातीच्या छोट्या ट्रॅकवर पिकअपसारख्या ट्रकच्या रेस) कधीतरी जागा द्या आणि सुरुवात रिकी जॉन्सनपासून करा, ही कळकळीची विनंती.

कॅलिफोर्नियातल्या एल काहोनचा हा माणूस. मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस) आणि सुपरक्रॉस (तीच, पण स्टेडियममध्ये) मिळून 7 नॅशनल टायटल्स, 1989ला सुपरक्रॉसच्या पहिल्या पाचही रेस जिंकून बसलेला, आणि तेवढ्यात फ्लोरिडात गेन्सव्हिलला दुसरा रायडर अंगावर येऊन पडला, मनगट मोडलं, ते परत पहिल्यासारखं झालंच नाही आणि 1991मध्ये ऐन विशीत रिटायर. बहुतेक लोक गोष्ट इथेच थांबवतात, मला ते अजिबात पटत नाही. कारण हाच माणूस पुढे ट्रकमध्ये बसला आणि पंचेचाळीशी उलटल्यावर टॉर्क (TORC) या शॉर्ट कोर्स ट्रक रेसच्या सिरीजमध्ये चॅम्पियन झाला!

ट्रक चालवणं सोपं म्हणून जमलं असं कुणी म्हणू नये. मातीचा छोटा ट्रॅक, दर लॅपला खड्डे आणि चाकोऱ्या बदलतात, म्हणजे आधीच्या लॅपची लाइन पुढच्या लॅपला चालेलच असं नाही. ट्रक हवेत असताना गॅस दिला की मागची जड चाकं जोरात फिरतात आणि नाक वर येतं, ब्रेक मारला की नाक खाली जातं. बाइकवर उडी मारताना हेच करतात, त्यामुळे रिकीचं आधीचं आयुष्य वाया गेलं नाही, उलट तेच कामी आलं असं मला वाटतं.

आणि क्रँडनबद्दल लिहाच. विस्कॉन्सिनमधलं दोन हजारांच्या आतलं गाव, तिथे 1970पासून रेस होतात, लेबर डे या अमेरिकन सुट्टीच्या वीकेंडला सगळ्यात मोठी. स्टार्टला सगळे ट्रक एका ओळीत आडवे उभे, झेंडा पडला की सगळे एकाच वळणाकडे सुटतात, याला लँड रश म्हणतात. पुढच्याचा चिखल काचेवर आला की समोरचं काहीच दिसत नाही, तरी गॅस सोडायचा नाही.

लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो, त्याच्या आधी अर्धं पान मिळालं तरी खूप झालं. फोटो मात्र लँड रशचा टाका, ट्रॉफी घेतलेला नको.

आपला,
एक नियमित वाचक