आधी ओढे आखा, मग रस्ते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या नव्या विकास आराखड्याबद्दलची कालची पानभर बातमी वाचली. रस्त्यांची रुंदी आली, आरक्षणं आली, ओढ्यांबद्दल मात्र एक ओळ नाही. २०२१ साली पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) प्रारूप आराखडा जाहीर झाला, त्यावर ६७ हजारांच्या आसपास हरकती आल्या आणि २०२५ मध्ये तो रद्द झाला. आता पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात होते आहे, तर पहिली रेघ पाण्याची पडायला हवी. ती पडते आहे का, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवं होतं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. आंबील ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घुसलं, भिंत पडली, माणसं गेली. त्यानंतर बोलणं झालं ते सगळं खालच्या अंगाचं: सीमाभिंती, गाळ, काठावरची घरं. पण हा ओढा जिथून येतो त्या कात्रजच्या तलावांच्या वर जे उतार आहेत, त्यांचं काय? भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. तिथल्या उतारांवर काय बांधलं जाईल, त्यावर खाली सहकारनगरात किती पाणी येईल हे ठरणार आहे.

हिशेब अगदी साधा आहे. १०० हेक्टरचं पाणलोट धरा आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस. शेतं, गवत, मुरमाड माळ असेल तर त्यातलं साधारण ३० टक्के पाणी वाहून येतं, म्हणजे सेकंदाला ४ घनमीटरच्या जरा वर. त्याच जागेवर सिमेंटचे रस्ते, पार्किंग आणि स्लॅब झाले की ८० टक्के वाहतं, म्हणजे ११ घनमीटर. पाऊस तोच, ओढा तोच, पाणी अडीच पटीहून जास्त. आता खालच्या रस्त्याची मोरी, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्याची वाट, बघा. १२०० मिलिमीटरचे दोन पाइप असतील, तर सेकंदाला ३ मीटर वेगाने पाणी गेलं तरी पावणेसात घनमीटरच जातं. शेतं होती तेव्हा ती मोरी पुरून उरत होती, आता पुरणार नाही. शिवाय हा हिशेब तोंड मोकळं असेल तरचा. दोन पाइपांच्या मधल्या काँक्रीटला आधी एखादी फांदी अडते, फांदीला जुन्या गादीचा काथ्या गुंडाळला जातो, काथ्यात बाटल्या आणि थर्माकोल अडकतं, आणि मग पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून जातं. म्हणून मोरी बांधायची तर एकाच रुंद गाळ्याची बांधावी, मध्ये भिंत नको. आणि ड्रेनेजची लाइन ओढ्याच्या पात्रात टाकणं बंद करावं. पात्रातलं प्रत्येक चेंबर म्हणजे पाण्याच्या वाटेत उभा केलेला धोंडा आहे.

ओढा कागदावरून नाहीसा कसा होतो, हेही लोकांना कळायला हवं. गाव नकाशावर मोठा ओढा दोन समांतर रेघांनी दाखवलेला असतो. दोन गटांच्या, म्हणजे नंबर दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांच्या, मधली ती पट्टी, तिला गट नंबर नसतो. लहान ओहोळ गटाच्या आतूनच जातो. त्याची नोंद सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीत न येणारं क्षेत्र) वर्ग ‘ब’ मध्ये सापडते, कारण ओढे, रस्ते यांखालचं क्षेत्र त्यात धरतात. चार-पाच गट एकत्र करून ले-आउट टाकला की लक्ष एकूण क्षेत्राच्या बेरजेवर जातं, आणि पोटखराब्याचे ते चार-सहा आर नेमके जमिनीवर कुठे आहेत हे कुणी विचारत नाही. आधी राडारोडा पडतो, मग सपाटीकरण होतं. पुढे मोजणीदार जागेवर येतो तेव्हा दाखवायला ओढाच उरलेला नसतो. ओढा वळवायला नियमात वाव आहे, पण पाणी जिथून आत येतं आणि जिथून बाहेर जातं त्या जागा बदलायच्या नाहीत, अशी अट त्यात आहे. काटकोनात वळवून पाइपात कोंबलेला ओढा त्या अटीत बसतो का, हे प्रत्येक परवानगीत जागेवर जाऊन तपासावं.

दुसरा प्रकार आराखड्यातूनच होतो. ओढ्याची पट्टी सरकारी, भूसंपादन करावं लागत नाही, म्हणून रस्त्याची रेघ तिच्यावरून किंवा अगदी कडेने ओढायचा मोह होतो. तो टाळायचा तर विद्यमान जमीन वापर नकाशा करतानाच, म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम २५ च्या टप्प्यावर, गाव नकाशा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) एकावर एक ठेवून प्रत्येक ओढा, ओहोळ आखावा. ते काम जुलै-ऑगस्टमध्ये पायी फिरून पडताळावं. एप्रिलमध्ये गेलात तर तिथे फक्त गवताची पन्हळ दिसेल.

नागरिकांनीही आत्ताच तयारी करावी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात, आणि त्यातले बरेचसे नकाशा शोधण्यात जातात. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल आजच काढून ठेवा. बिननंबरची पट्टी रंगवा, तिच्या दोन्ही बाजूंच्या गटांचे सातबारे काढून पोटखराबा बघा, पावसात वाहत्या पाण्याचे तारखेसह फोटो घ्या. ‘आमच्या गावातले ओढे दाखवलेले नाहीत’ एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही. ओढा कोणत्या गटात शिरतो, कोणत्या गटातून बाहेर पडतो आणि प्रस्तावित रस्ता त्याला कुठे छेदतो, हे गट नंबरांसह लिहा. नकाशाच्या नकलेवर लाल शाईने खूण करून ती सोबत जोडा आणि पोहोच घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, आंबेगाव बुद्रुक

ता. क. कालच्या बातमीसोबतच्या नकाशावर ना उत्तर दिशा होती, ना प्रमाण, ना एकही गट नंबर. आपली जमीन त्यात कुठे आहे हे कोणत्याही शेतकऱ्याला त्यावरून समजणार नाही. शिवाय बातमीतल्या चौकटीत ओढ्याला ‘गटार’ म्हटलं आहे. गाव नकाशावर ‘ओढा’ असं लिहिलेलं असतं, तोच शब्द छापावा. एकदा गटार म्हटलं की त्यावर झाकण टाकायची मागणी येते.