खिशातल्या पिस्तुलाची सरावाची काडतुसं

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या .32 च्या पिस्तुलासाठी सरावाची काडतुसं घरीच भरणार आहेस, हे वाचून आनंद झाला. (परवान्यात ते बसतं का, हे आधी बघशीलच.) पण ती हलकी, म्हणजे कमी दारूची, भरायचा तुझा बेत मला अजिबात पटलेला नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

तुझं पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीचं. गोळी उडताना पुंगळीला (दारू असते ती पितळी नळकांडी) जागेवर दाबून धरतं ते फक्त स्लाईडचं, म्हणजे वरच्या सरकत्या भागाचं, वजन आणि स्प्रिंग; दुसरी काही कडी नाही. गोळीला पुढे ढकलणारा दारूचा दाबच पुंगळीला मागे रेटतो, पुंगळी स्लाईडला ढकलते आणि पुढचं काडतूस वर येतं. दारू कमी पडली की स्लाईड अर्ध्यातूनच परतते आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खाचेतच अडकते. रिव्हॉल्वरचं सिलिंडर आपल्या बोटाच्या जोरावर फिरतं, म्हणून तिथे हलकी काडतुसं खपून जातात. तुझ्याकडे ती सोय नाही.

आणखी कमी पडली तर गोळी नळीतच राहते. तिच्यामागे दुसरी झाडलीस तर नळी फुगेल, नाहीतर फाटेल. बार फुसका वाटला की तिथेच थांब, पिस्तूल रिकामं कर आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघ.

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराचं हे काडतूस 1899 चं. पुंगळी जेमतेम 17 मिलिमीटर लांब, नेहमीची गोळी 71 ग्रेनची, म्हणजे साधारण 4.6 ग्रॅम. दारू तर इतकी थोडी की रायफलवाले हसतील. त्यांच्या चाळीस-पन्नास ग्रेनमध्ये दशांश ग्रेनची चूक जिरून जाते. दोन ग्रेनमध्ये तीच पाच टक्के होते. गोळी जराशी खोल बसली तरी आतली जागा घटून दाब वाढतो. म्हणून वजनकाटा चांगला घे, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघ, दारू दोनदा तर पडली नाही ना. मापाचा आकडा माझ्याकडे मागू नकोस. तो दारू बनवणाऱ्यांच्या पुस्तकातून घे, त्याच वजनाच्या गोळीसाठी दिलेला.

गोळी गोल टोकाची, पूर्ण लांबीचीच वापर. या पुंगळीच्या बुडाला बारीक कड असते. काडतूस आखूड झालं की मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतं, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकते आणि सगळं ठप्प होतं. ते सोडवताना माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाच्या हातात पिस्तूल नको.

पुंगळ्या परत वापरून होणाऱ्या बचतीचं म्हणशील तर अर्धी बचत गवतात जाते. इतक्या चिमुकल्या पुंगळ्या उडून कुठे पडतात, देव जाणे! बाजूला एखादी चादर अंथरत जा. वेचून आणलेल्यांपैकी आत दोन भोकं दिसतील त्या बाजूला टाक. त्यांचा प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आपल्या काढायच्या पिनने निघत नाही, पिनच मोडते.

प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र, साधाच घे, एका वेळी एकच काम करणारा. डाय (पुंगळी परत मापात आणणारा साचा) मात्र कार्बाइड या कठीण धातूची बघ, म्हणजे पुंगळ्यांना वंगण लावत बसावं लागणार नाही. पहिल्या खेपेला थोडीच भर, ती झाडून बघ आणि मग मला कळव.

तुझा,
मोहन