टर्बो गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या गाड्यांच्या पुरवणीत टर्बो पेट्रोल गाड्यांवर लेख आला होता, त्यात ताकद पण वाढते आणि पेट्रोल पण वाचतं असं सरळ लिहिलंय. माझं साताऱ्यात गॅरेज आहे आणि या एका वाक्यापायी लोकांचे किती पैसे जातात ते मी रोज बघतो. नवी टर्बो पेट्रोल घेतलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी येतो, म्हणतो शोरूमला वीसच्या वर सांगितलं होतं आणि पडतंय बारा-तेरा, इंजिनात काहीतरी आहे बघा. इंजिनात काही नसतं हो. पण माझ्याकडे येईपर्यंत कुणीतरी त्याचे इंजेक्टर क्लिनिंगचे पैसे घेतलेले असतात, वर पेट्रोलमध्ये टाकायची बाटली गळ्यात मारलेली असते. याचा मला राग येतो म्हणून हे पत्र.

टर्बो करतो काय तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक छोटा पंखा फिरवतो, मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. वाया जाणारी उष्णता कामाला लागते हे एकदम खरं, पण हवा जास्त गेली की पेट्रोल पण जास्त जाणारच, एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते हा हिशोब टर्बो लावला म्हणून बदलत नाही. म्हणजे टर्बो मुळात ताकदीचं यंत्र आहे. मारुतीच्या फ्रॉन्क्सचंच बघा, गाडी एकच, १.२ लिटरचं साधं इंजिन ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं ते ४४०० आरपीएमला आणि १.० लिटरचं टर्बो १४७.६ देतं ते २००० पासून पुढे. पिकअप लगेच कळतो तो त्यामुळे.

मग पेट्रोल वाचतं कधी? सपाट रोडवर साठ-सत्तरने पाय हलका ठेवून चाललात तर. साध्या मोठ्या इंजिनात अशा वेळी थ्रॉटलची, म्हणजे हवा आत सोडणारी, झडप बरीचशी मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाचा दम जातो. इंजिन लहान असेल तर तेवढ्याच वेगाला झडप जास्त उघडी राहते, ओढाताण कमी होते. बचत येते ती इंजिन लहान असल्यामुळे, आणि टर्बो नुसता बसून असतो तेव्हाच.

एकदा पाय दाबला की सगळं फिरतं. दाबून भरलेली हवा तापते, नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप पेटण्याची, भीती असते, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा देतो, त्यात ताकद जाते. आणि पूर्ण लोडला धूर इतका तापतो की टर्बो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट जळू नयेत म्हणून बऱ्याच इंजिनांत मुद्दाम जास्तीचं पेट्रोल सोडतात. ते पेट्रोल गाडी ओढायला नाही, गार करायला जातं! खंबाटकीच्या चढाला पाच माणसं, सामान आणि एसी लावून ऐंशीने गाडी चढवली तर हेच होतं, त्यात गाडीचा काही दोष नाही.

आता कंपनीच्या पुस्तकातला मायलेजचा आकडा येतो कुठून तेही वाचकांना सांगायला पाहिजे. ती टेस्ट रोडवर होत नाही, रोलरवर होते, सगळी मिळून ११८० सेकंदांची, दहा-अकरा किलोमीटर अंतर, जास्तीत जास्त वेग ९०. शहराच्या भागात शून्यावरून पन्नासला जायला पंचवीसेक सेकंद घेतात. पोवई नाक्यावर असं कोण चालवतं, मागचा हॉर्न वाजवून जीव घेईल. एसी बंद, चढ नाही. इतक्या हळू टेस्टमध्ये टर्बोला कामच पडत नाही, फक्त लहान इंजिनाचा फायदा मोजला जातो, म्हणून पुस्तकातला आणि रोडवरचा फरक साध्या इंजिनापेक्षा टर्बोत जास्त दिसतो. युरोपात २०१७ पासून जुन्या टेस्टच्या जागी अर्ध्या तासाची, १३१ च्या वेगापर्यंत जाणारी टेस्ट आणली ती पुस्तकातला आकडा रोडच्या जवळ यावा म्हणूनच.

आणि आपल्याकडे लहान टर्बो एवढे का आले याचं कारण तर लेखात कुठेच नव्हतं. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी असेल तर टॅक्स कमी, २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या गाडीला ४०. म्हणजे जड एसयूव्ही ओढायला ताकद तर पाहिजे पण सीसी वाढवता येत नाही, मग टर्बो. यात चूक काही नाही, पण गिऱ्हाइकाला हे माहीत असावं.

सुपरचार्जरलाही लेखात त्याच रांगेत बसवलंय. तोही इंजिनात हवा कोंबतो, पण धुरावर नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) फिरतो. त्यामुळे खालच्या आरपीएमपासून लगेच ओढतो, टर्बोसारखं धुराचा जोर येईपर्यंत थांबावं लागत नाही, पण फिरायला लागणारी ताकद इंजिनातूनच घेतो, पेट्रोलला जास्त मारक तोच. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या इंजिनाला दोन्ही लावले होते, खालच्या आरपीएमला सुपरचार्जर आणि वरच्या आरपीएमला टर्बो, भारी डोकं होतं ते, पण खर्चिक आणि किचकट.

डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे पेट्रोलसारखी झडप मिटून हवा अडवत नाहीत, नॉकिंगची तशी अडचण नाही, हवा जास्त मिळाली तर डिझेल नीटच जळतं, म्हणून डिझेलला टर्बो खरोखर मानवला. मात्र डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक पडलं, काळा धूर आणि पिकअप गेला असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज आधी बघा, फाटलेला सापडतो बऱ्याचदा. टर्बो बदलायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

टर्बो वाईट असं मी म्हणत नाहीये. दर शंभर मीटर उंचीला साध्या इंजिनाची साधारण एक टक्का ताकद जाते, महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, तिथे पातळ हवेत टर्बो ती तूट भरून काढतो, ओव्हरटेकला जीव टांगणीला लागत नाही. त्यासाठी घ्या, जरूर घ्या.

सांगली-कराडकडच्या उसाच्या लोकांना उसापासून होणाऱ्या इथेनॉलवर बोललं की राग येतो पण तेही सांगतो, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये म्हणून सहा-सात टक्के कमी पडते. पण त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायचा गुण, जास्त, हवा गार करतं, म्हणजे टर्बोला हे इंधन चांगलं, कंपन्यांनी इंजिनं त्यासाठीच बनवली तर यातली काही तूट भरून निघेल. यावर कुणी लिहीत का नाही?

माझी विनंती एकच आहे. पुरवणीत कंपनीचा आकडा छापाल तिथे शेजारी खरं अ‍ॅव्हरेज पण छापा, टाकी फुल टू फुल मोजलेलं, डॅशबोर्डवरचं नाही, आणि रोड कुठला, माणसं किती, एसी चालू होता का ते लिहा. एकाच मॉडेलच्या साध्या आणि टर्बो अशा दोन गाड्या एकाच दिवशी साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला नेऊन आणा, आणि पुन्हा त्याच दोन सांगलीपर्यंत हायवेने न्या, दोन्ही आकडे छापा. मोजायला मी स्वतः येतो, पेट्रोल माझ्या खर्चाने टाकतो.

एक गॅरेजवाला वाचक, सातारा