स्पेक्ट्रमवर पहिली ओळ लिहायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

एम. जी. रोडमागच्या गल्लीतल्या तुमच्या टेबलापाशी बसून नाशिकच्या आम्हा काही जणांना झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक कळला. तुमचे आभार तोंडी मानलेच आहेत. हे पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय. त्याचाच भारतीय अवतार, डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, १९८६ साली भारतात आला. त्यातला एखादा आजही पंचवटीत किंवा सिडकोत कुणाच्या माळ्यावर असेल. त्या घरच्यांनी तो उत्साहाच्या भरात थेट प्लगला लावू नये, ही आमची कळकळ.

पहिले आभार अडॅप्टरचे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी आणि किमान १.४ अँपिअर लागतात, पण पिन उलटी असते: आत मायनस, बाहेर प्लस. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलट असतात. तसा एक जरी लावला, तरी आतलं १२ आणि उणे ५ व्होल्ट बनवणारं सर्किट जळू शकतं. म्हणून तुम्ही प्रत्येक वेळी आधी मीटर लावायला लावलंत.

दुसरे आभार चार कोपऱ्यांचे. खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीच्या आठ ४११६ चिपा असतात. त्यातल्या कुठल्याही एकीची खाच वर धरली, की चारही कोपऱ्यांवर वीजपुरवठाच सापडतो: वर डावीकडे उणे ५, वर उजवीकडे ग्राउंड, खाली डावीकडे १२, खाली उजवीकडे ५. उणे ५ गायब असेल तर लगेच बंद करायचं. त्याच्याविना १२ व्होल्ट चालू राहिले, तर या चिपा मरतात. नवख्या माणसाला एवढी एकच गोष्ट सांगायची झाली, तर आम्ही हीच सांगू. स्क्रीनवर उभे पट्टे किंवा रंगीत चौकोन दिसले की प्रोसेसरवर संशय घ्यायचा नाही, आधी हे कोपरे मोजायचे, हे वळण तुमचंच.

यंत्र नीट सुरू झालं की पडदा आधी काळा, मग पांढरा होतो आणि तळाशी सिंक्लेअर या मूळ कंपनीची १९८२ सालची ओळ येते. मग तुमची ती तपासणी ('पीक' म्हणजे मेमरीतल्या एका जागेतला आकडा वाचणं): 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३'. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के शाबूत. ३२७६७ आलं तर वरची ३२ के मेमरी दिसत नाहीये, तरी शिकणं अडत नाही.

कीबोर्डचंही तसंच. क्यू ते टी या पाचही कळा एकदम मेल्या, तर कीबोर्डमधून आत जाणाऱ्या आठ तारांच्या पट्टीतली एक रेघ तुटलेली. पण क्यू, ए, १, ०, पी, एंटर आणि स्पेस अशा विखुरलेल्या कळा गेल्या, तर दोष पाच तारांच्या पट्टीत. पट्ट्या वयाने कडक होतात आणि झाकण घाईने उघडलं की चिरतात. नवी मेंब्रेन, म्हणजे कळांखालचा पट्ट्यांसकटचा पातळ थर, मिळते, तेव्हा जुनी चिकटपट्टीने जोडत बसू नये.

आता मुख्य गोष्ट. इथे 'प्रिंट' हा शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचा नसतो. कर्सर 'के' (म्हणजे आज्ञेची वाट पाहणारा) असताना पी दाबली की अख्खी आज्ञा उमटते. हे ठाऊक नसलं की पुढची अक्षरं व्हेरिएबलचं नाव समजली जातात, आणि एंटरनंतर लुकलुकणारं प्रश्नचिन्ह दिसतं. तसंच लोड म्हणजे जे, आणि मग अवतरणचिन्हाची कळ दोनदा. प्रोग्रॅम कॅसेटच्या आवाजातून भरला जातो; तो मोबाइलमधून भरताना एमपी३ऐवजी वेव्ह फाइल, इक्वलायझर बंद, फ्लाइट मोड चालू, आवाज तीन-चतुर्थांशाच्या वर. कडेला लाल-आकाशी पट्टे स्थिर दिसले पण निळे-पिवळे आल्यावर 'टेप लोडिंग एरर' आली, तर आवाज थोडा वर-खाली करून पाहायचा. कॅसेटवर सेव्ह करताना आवाज आत घेणाऱ्या 'इअर' सॉकेटची वायर काढून ठेवायची आणि लगेच व्हेरिफाय करायचं. वीज गेली की सगळं पुसतं, त्यामुळे हा कंटाळा करायचा नाही.

मशीन कोडची, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आकडी भाषेची, धास्तीही तुम्हीच घालवलीत, तीही चार आकड्यांत. आधी 'क्लिअर २९९९९', म्हणजे त्यापुढची जागा राखीव. मग ३०००० पासून ओळीने १, २५३, ०, २०१ पोक करायचे, म्हणजे मेमरीत ठेवायचे, आणि 'प्रिंट यूएसआर ३००००' म्हणून ते चालवायचे. पडद्यावर २५३, म्हणजे नाशिकचा एसटीडी कोड! १ म्हणजे 'पुढचे दोन बाइट बीसी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यात) भर', २०१ म्हणजे 'परत जा', आणि यूएसआर बीसीतलाच आकडा देतो. पिनकोड ४२२००१ का येत नाही, याचं उत्तरही त्यातच आहे: बीसी १६ बिटांचं, ६५५३५ च्या पुढे जातच नाही.

आणि 'नाशिक'मधला 'न'. २५५, २, २, १२६, ९८, २, २, २ हे आठ आकडे 'यूएसआर' अवतरणातल्या 'ए' पासून (स्वतःचं अक्षर रेखायच्या पहिल्या घरात) पोक केले, की ग्राफ मोडमध्ये ए दाबल्यावर पडद्यावर 'न' उमटतो. प्रत्येक आकडा म्हणजे आठ ठिपक्यांची एक ओळ; पहिला आकडा २५५ म्हणजे शिरोरेषा. शेजारच्या घरात २५५ आणि मग सात वेळा ४ दिले की काना होतो, आणि घरांमध्ये फट नसल्याने रेषा जुळून 'ना' तयार. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या ८ बाय ८ च्या घरात आपली रेषा अखंड जाताना पाहणं, याचं मोल आम्ही कसं सांगणार?

'शि'ची वेलांटी मात्र त्या घरात मावत नाही, ती वरच्या ओळीतल्या वेगळ्या घरात काढावी लागते. मिळतात एकूण २१ घरं, आणि तिचा बाक अजून हवा तसा येत नाहीये. आकडे कागदावर मांडलेत. रविवारी कॅसेटसह घेऊन येतो, एकदा नजर घाला.

आपले कृतज्ञ,
नाशिकचे तुमचे स्पेक्ट्रमवाले