आबांना पत्र: वपन, वाप आणि चार पायलीचा कुणगा

ट्युबिंगेन, जर्मनी
मे महिना

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

केशवपनातलं वपन आणि बीजवपनातलं वपन एकच का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नीट बघून लिहिते आहे.

इथल्या कोशांत दोन वेगळे धातू, म्हणजे क्रियापदांची मुळं, धरतात, एक भादरण्याचा, एक पेरण्याचा. आपले वैयाकरण मात्र एकच 'वप्' मानतात. भट्टोजी दीक्षित 'सिद्धान्तकौमुदी' या व्याकरणग्रंथात 'बीजसंतान' हा अर्थ देऊन तो 'क्षेत्रे विकिरणम्', शेतात विखुरणं, असा उलगडतात, आणि 'केशान् वपति' हेही त्याच धातूचं म्हणतात. विखुरणं म्हणजे आपली हाताने बी फेकत करायची फोकणीच की! ऋग्वेदातही (१०.१०१.३) नांगर जुंपा आणि तयार केलेल्या जमिनीत बी पेरा, 'वपतेह बीजम्', असं आहे.

पण आबा, मला खरं सांगायचंय ते पाणिनीचं सूत्र: 'तस्य वापः' (५.१.४५). वाप म्हणजे जिथे पेरायचं ते शेत. प्रस्थभर बी लागणारं शेत प्रास्थिक, द्रोणभर लागणारं द्रौणिक. ही धान्याची मापं: चार कुडवांचा प्रस्थ, सोळा प्रस्थांचा द्रोण. कुडव तर आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे! हे वाचलं आणि तुमचाच आवाज ऐकू आला. वरचा कुणगा, आपला तो भातशेताचा तुकडा, तुम्ही कायम 'चार पायलीचा' म्हणता, गुंठ्यांत कधी सांगितलेला मला आठवत नाही. सातबाऱ्यावरचे गुंठे सरकारच्या कामाचे. कणगीतून बियाणं किती काढायचं, ते पायलीचं मापच सांगतं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शेताला असंच नाव द्यायचे, याचा मला फार आनंद झाला.

एक शंका तुम्हीच फेडाल. आपलं बी पडतं दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, मग तरवा, म्हणजे ती रोपं, काढून कुणग्यात लावणी. मग चार पायली म्हणजे दाढीत टाकलेलं बी, की कुणगा फोकून पेरला असता तर लागलं असतं तेवढं? फोकणीला बी जास्त लागतं, म्हणजे आकडा बराच बदलेल. तुमच्या वडलांच्या वेळी कसं मोजत, तेही आठवून सांगा. माझ्या टिपणात हे हवंच आहे.

रोहिणी लागतील आता. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ टाकायच्या गडबडीत असाल, त्यामुळे सवडीने दादाकडून लिहवून घ्या. आजीला नमस्कार.

तुमची नात