रेव्हरंड बार्न्स, तुमच्या टिपांसाठी आभार

आदरणीय रेव्हरंड आल्बर्ट बार्न्स साहेब,
सलाम.

तुम्ही 1870 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी गेलात, म्हणून हे आभार चारचौघांसमोरच मानतो.

मी संडे स्कूलमध्ये शिकवतो. बायबलवरच्या टिपा तुम्ही लिहिल्यात त्या मुळात आमच्यासारख्यांसाठीच: ग्रीक-हिब्रू न येणाऱ्या, आठवडाभर पोटापाण्याच्या मागे असणाऱ्या शिक्षकांसाठी. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चचे तुम्ही पाळक. पहाटे उठून लिहायचं आणि नऊ वाजले की लेखणी ठेवायची, उरलेला दिवस मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा. भाषा कुठे कुठे रुक्ष आहे, पण अडलेल्याचं काम होतं.

माझं अडलं ते इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाशी. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, असं प्रेषित पौल लिहितो. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “म्हणजे देवाला गुलामगिरी चालते?” ज्यांच्या पणजोबांनी वेशीबाहेर दिवस काढले, त्या मुलांना थातुरमातुर उत्तर कसं द्यायचं?

उत्तर तुमच्या 1846 च्या पुस्तकात सापडलं. अमेरिकेच्या दक्षिणेतले उपदेशक ही वचनं गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांच्या बाजूनं वापरत होते. तुम्ही सगळं शास्त्र समोर मांडलंत. माणूस चोरून विकणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात देहान्त आहे. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, अशीही आज्ञा आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा कायदा याच्या बरोबर उलटा. शिवाय दासाला धीर धरायला सांगणं म्हणजे धन्याचा हक्क मान्य करणं नव्हे. हे शेवटचं वर्गाला चटकन पटलं.

स्वतःच्या घराबद्दल, म्हणजे चर्चबद्दलही तुम्ही गप्प बसला नाहीत. मंडळीनं आधार दिला नाही, तर तिच्याबाहेरची कुठलीही शक्ती गुलामगिरीला तासभरही टिकवू शकणार नाही, हे तुमचं म्हणणं. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1852 च्या भाषणात तुमचं नाव घेऊन ते लोकांना ऐकवलं. एका पाळकाला याहून मोठी पावती कोणती हवी?

मतासाठी झळ सोसणं तुम्हाला नवं नव्हतंच. रोमकरांस पत्रावरच्या टिपांवरून 1835 मध्ये तुमच्यावर पाखंडाचा खटला चालला. सिनडनं, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक सभेनं, निलंबित केलं तेव्हा तुम्ही उपदेश थांबवलात. 1836 मध्ये जनरल असेंब्लीनं, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेनं, निर्दोष ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी अख्खी प्रेस्बिटेरियन मंडळी दुभंगली. त्या भांडणात तुमच्या खटल्याचाही वाटा होता.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. तुम्ही गेल्यानंतर तीन वर्षांनी, पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांत मी तुम्हाला धरतो.

मात्र बायबलच्या शेवटच्या पुस्तकावरच्या, प्रकटीकरणावरच्या टिपांत तुम्ही जागोजागी पोपसत्ता शोधता, ते काही मला पटत नाही. तो धडा मी माझ्याच पद्धतीनं शिकवणार.

आपला ऋणी,
संडे स्कूलचा एक शिक्षक