शीर कापावी लागली तर जोडायला काय, हे आधी सांगा

संपादक महोदय,

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचून, गाठ मोठ्या शिरेला चिकटली की शस्त्रक्रियेचा विषयच संपतो, असा वाचकांचा समज होईल. आतड्यांचे रक्त यकृताकडे नेणारी पोर्टल शीर गाठीसकट कापता येते आणि पुन्हा जोडताही येते. मात्र वर-खाली टाके घेण्याजोगी निरोगी शीर उरायला हवी. गाठीने धमनीला वेढा घातला असेल तर प्रकरण फार अवघड होते.

एका बाजूची थोडीच भिंत गेली तर नुसते टाके पुरतात. त्याने शीर अरुंद होणार असेल तर पॅच, म्हणजे ठिगळ, लावतात. पूर्ण तुकडा गेला तरी साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतचे अंतर आतड्याचे मूळ आणि यकृत सैल करून मिटवता येते. ओढूनताणून जोडलेली शीर मात्र बारीक होते आणि तिथेच गुठळी धरते. अंतर जास्त असेल तर मध्ये नळी घालणे आले.

ही नळी कृत्रिम का नको? कारण याच शस्त्रक्रियेत आतडे आणि पित्तनलिका उघडलेली असते. पुढे स्वादुपिंडाचा जोड गळला तर कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग होतो आणि तो हटता हटत नाही. म्हणून रुग्णाचीच मानेतली किंवा मांडीतली शीर, पोटाच्या आतल्या भिंतीचा पडदा, नाहीतर प्रक्रिया केलेले गाईचे हृदयावरण, म्हणजे हृदयाभोवतीचा पडदा, वापरतात. पोटातला पडदा त्याच चिरेतून मिळतो आणि त्याला वेगळा खर्चही नाही. गुळगुळीत बाजू रक्ताकडे राहील एवढे पाहायचे. गाईचा पडदा ग्लुटाराल्डिहाइड या टिकवणाऱ्या रसायनात ठेवलेला असल्याने आधी सलाइनने नीट धुवावा लागतो. टाके 5-0 किंवा 6-0 जाडीच्या, म्हणजे अगदी बारीक, पॉलिप्रोपिलीन धाग्याचे. धाग्याची शेवटची गाठ थोडी सैल ठेवतात. घट्ट आवळली तर रक्त सुरू झाल्यावर शीर जोडापाशी फुलत नाही.

एवढे करूनही गुठळी होऊ शकते. पहिल्या काही दिवसांत शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी हवीच. पोटात पाणी वाढणे आणि रक्तातले लॅक्टेट चढणे ही धोक्याची चिन्हे.

आता मुद्दा संमतीचा. पडदा गाईचा आहे हे कुटुंबाला शस्त्रक्रियेनंतर बिलावरून कळू नये. आपल्याकडे काहींना ते अजिबात चालणार नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. शिरेला गाठ लागली आहे का, हे सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा आधीच दिसते; तेव्हा ग्राफ्ट, म्हणजे जोडायचा तुकडा, कशाचा, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहायला अडचण नसावी. नकार असेल तर शल्यचिकित्सकाला तो आदल्या दिवशी तरी कळायला हवा, म्हणजे पोटाबरोबर मान आणि मांडीही निर्जंतुक करून तयार ठेवता येते.

– पोटाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, पुणे